कॉम्प्युटरवरची ‘पर्यावरणपूरक’ लेबलं: त्यामागचा आरोग्याचा इतिहास

“डॉक्टर, दिवसभर कॉम्प्युटरसमोर बसावं लागतं. पोटातल्या बाळाला रेडिएशनचा त्रास होणार नाही ना?” हा प्रश्न गरोदर स्त्रिया आजही विचारतात. सोबत आलेल्या आईला किंवा सासूबाईंना तर तो जास्तच छळत असतो. उत्तर एका शब्दाचं आहे: नाही. पण ही भीती आली कुठून आणि तिच्यामुळे पुढे काय काय घडलं, हे समजून घेण्यासारखं आहे. मॉनिटरच्या किंवा लॅपटॉपच्या मागच्या बाजूला आणि खोक्यावर जी छोटी छोटी चिन्हं छापलेली असतात, त्यांतलं एक चिन्ह थेट या भीतीतून जन्माला आलं आहे.

आज त्या चिन्हांचा इतिहास थोडक्यात पाहू. वाचताना एक गोष्ट लक्षात असू द्या. कॉम्प्युटरचा संबंध तीन प्रकारच्या माणसांच्या शरीराशी येतो: तो बनवणारे, तो वापरणारे आणि शेवटी तो तोडणारे. लेबलांची सुरुवात मधल्या माणसापासून, म्हणजे आपल्यासारख्या वापरणाऱ्यांपासून झाली. खरा मोठा धोका मात्र दोन्ही टोकांना होता.

भीतीची सुरुवात

१९७० च्या दशकाच्या शेवटी वृत्तपत्रं, बँका, टेलिफोन कंपन्या यांच्या कार्यालयांत टाइपरायटर जाऊन पडदे आले. हे पडदे म्हणजे आपल्या जुन्या टीव्हीसारखी काचेची जाड नळी. आत उच्च दाबाची वीज, त्यातून सुटणारे इलेक्ट्रॉन आणि समोर चमकणारी अक्षरं. या पडद्यांसमोर सात-आठ तास बसणाऱ्या बहुतेक स्त्रिया होत्या. डोळे चुरचुरणं, मान आखडणं, चेहऱ्यावर लाली येणं अशा तक्रारी वाढू लागल्या.

मग एक बातमी आली. कॅनडातल्या टोरोंटो शहरात एका वृत्तपत्राच्या जाहिरात विभागात पडद्यावर काम करणाऱ्या सात गरोदर स्त्रियांपैकी चौघींच्या बाळांमध्ये जन्मजात व्यंग आढळलं. ही गोष्ट १९८० च्या सुमाराची. त्यानंतर इतर कार्यालयांतूनही आपोआप गर्भपात होण्याचे असे ‘गुच्छ’ कानावर येऊ लागले. १९८८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या १,५८३ गरोदर स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. आठवड्याला २० तासांपेक्षा जास्त वेळ पडद्यासमोर काम केल्याचं सांगणाऱ्या स्त्रियांमध्ये गर्भपाताचं प्रमाण जास्त दिसलं. त्याचं कारण पडदाच आहे असं संशोधकांनी म्हटलं नव्हतं. कामाचा ताण किंवा आठवणीतली तफावत हेही कारण असू शकतं, असं त्यांनी नोंदवलं होतं. पण लोकांच्या लक्षात राहिला तो फक्त पडदा.

स्वीडनमधल्या कर्मचाऱ्यांनी काय केलं?

स्वीडनमध्ये पांढरपेशा कर्मचाऱ्यांच्या संघटनांचा एक मोठा महासंघ आहे. त्याचं नाव टीसीओ. साधारण ८५ लाख लोकवस्तीच्या त्या देशात या महासंघाचे दहा लाखांहून जास्त सभासद होते आणि त्यांतले कितीतरी जण पडद्यासमोर बसून काम करत होते. सभासद विचारत होते की कोणता मॉनिटर चांगला. उत्तर देणारं कुणी नव्हतं. म्हणून १९८६ मध्ये टीसीओने एक साधी तपासयादी काढली. पडदा लुकलुकतो का, अक्षरं स्पष्ट दिसतात का, प्रकाश परावर्तित होतो का, हे कुणालाही स्वतः तपासून पाहता येईल अशी ती होती.

त्याच सुमारास स्वीडनच्या सरकारी मापन संस्थेने पडद्यातून निघणारी विद्युत आणि चुंबकीय क्षेत्रं कशी मोजायची याची पद्धत ठरवली. १९९० मध्ये आलेल्या तिच्या सुधारित आवृत्तीला एमपीआर-२ म्हणतात. जुने मॉनिटर हाताळलेल्या वाचकांना ‘लो रेडिएशन, एमपीआर-२’ असा स्टिकर आठवत असेल. त्याच वर्षी युरोपीय समुदायानेही पडद्यावर काम करणाऱ्यांसाठी डोळ्यांची तपासणी आणि कामात विश्रांती बंधनकारक करणारा निर्देश काढला.

टीसीओला एमपीआर-२ ची मर्यादा सैल वाटली. १९९२ मध्ये त्यांनी स्वतःचं लेबल आणलं: टीसीओ ९२. त्यात क्षेत्रांची मर्यादा आणखी कडक होती. शिवाय मॉनिटर वापरात नसेल तेव्हा त्याने आपोआप कमी वीज घेतली पाहिजे, अशीही अट होती. एक बारकावा इथे महत्त्वाचा आहे. ‘याच्यावर गेलं की माणूस आजारी पडतो’ अशा पुराव्यावरून या मर्यादा काढलेल्या नव्हत्या. उपलब्ध तंत्रज्ञानात हे प्रमाण जितकं खाली आणता येतं तितकं आणा, असा तो हिशेब होता. लेबलावरचा आकडा आणि आजाराचा उंबरठा या दोन गोष्टी वेगळ्या असतात. अन्नाच्या पाकिटावरचे आकडे वाचतानाही हे लक्षात ठेवावं.

मग पडद्याने गर्भपात होतो का?

याचं चांगलं उत्तर १९९१ मध्ये मिळालं. अमेरिकेतल्या व्यावसायिक सुरक्षा आणि आरोग्य संस्थेने टेलिफोन ऑपरेटर स्त्रियांचा अभ्यास केला. दोन्ही गटांचं काम जवळपास सारखंच, बसून आणि घाईचं. फरक एवढाच की एका गटासमोर काचेच्या नळीचे पडदे होते आणि दुसऱ्या गटासमोर वेगळ्या प्रकारची, नळी नसलेली यंत्रं. पडदेवाल्या गटात गर्भपाताचं प्रमाण १४.८ टक्के निघालं आणि दुसऱ्या गटात १५.९ टक्के. म्हणजे पडद्यामुळे धोका वाढलेला नव्हता. टक्केवारी पाहून घाबरू नका. साधारण सात-आठ गर्भधारणांमागे एक आपोआप संपते, ही निसर्गातली नेहमीची गोष्ट आहे. त्यामुळे शेकडो कार्यालयांपैकी एखाद्या ठिकाणी योगायोगाने चार-पाच घटना एकत्र आल्या, तर तो ‘गुच्छ’ वाटतो.

आज तर आपल्यासमोर ती काचेची नळीही उरलेली नाही. सपाट पडद्यांतून क्ष-किरण निघत नाहीत.

मग त्या स्त्रियांच्या बाकीच्या तक्रारी खोट्या होत्या का? मुळीच नाही. १९९३ मध्ये जपानी डॉक्टरांनी कार्यालयातल्या माणसांची पापण्यांची उघडझाप मोजली. निवांत बसलेला माणूस मिनिटाला सरासरी २२ वेळा पापणी मिटतो, पुस्तक वाचताना १० वेळा आणि पडद्यासमोर फक्त ७ वेळा. डोळे कोरडे का पडतात याचं उत्तर या तीन आकड्यांत आहे. त्यामुळे पडदा लुकलुकू नये, अक्षरं स्पष्ट असावीत, उंची बदलता यावी, या टीसीओच्या मागण्या योग्यच होत्या. भीतीचं कारण चुकलं होतं, पण त्या निमित्ताने डोळ्यांचा आणि मानेचा विचार सुरू झाला.

जिथे गर्भपात खरंच होत होते

आता इतिहासातला सर्वांत अस्वस्थ करणारा भाग. कार्यालयातल्या स्त्रिया पडद्याला घाबरत होत्या, तेव्हा त्याच कॉम्प्युटरच्या चिप बनवणाऱ्या कारखान्यांत स्त्रियांचे गर्भपात खरोखरच वाढलेले होते. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात एका चिप कारखान्याचा अभ्यास १९८० च्या दशकाच्या मध्याला झाला. रसायनांशी संबंध न येणाऱ्या स्त्रियांमध्ये गर्भपाताचं प्रमाण सुमारे १८ टक्के होतं. चिपवर नक्षी उमटवण्याच्या विभागात ते ३१ टक्के आणि दुसऱ्या एका विभागात ३९ टक्क्यांच्या आसपास होतं.

मग चिप उद्योगाने स्वतःच विद्यापीठांकडून मोठे अभ्यास करून घेतले. १९९२ मध्ये त्यांचे निष्कर्ष आले आणि त्यांनी हा संबंध खरा असल्याचं दाखवलं. संशयित होतं ग्लायकॉल इथर नावाच्या द्रावकांचं कुटुंब. त्यानंतर ही द्रावकं अमेरिकेतल्या चिप कारखान्यांतून हळूहळू काढून टाकण्यात आली.

१९९२ हेच वर्ष टीसीओच्या पहिल्या लेबलाचंही. त्या लेबलावर पडद्याच्या चुंबकीय क्षेत्राबद्दल लिहिलेलं होतं. चिप बनवणारीच्या पोटातल्या बाळाबद्दल त्यात एक अक्षर नव्हतं. तयार वस्तू तपासून कारखान्यातली हवा कळत नाही, ही या लेबलांची मोठी मर्यादा होती. ती भरून काढायला पुढे वीस वर्षं लागली. २०१२ पासून टीसीओने कारखान्यातल्या कामगारांच्या परिस्थितीच्या अटी घातल्या आणि अलीकडच्या आवृत्त्यांत उत्पादनात वापरल्या जाणाऱ्या रसायनांचीही दखल घेतली.

एनर्जी स्टार

१९९२ मध्येच अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने एनर्जी स्टार हे चिन्ह आणलं आणि सुरुवात केली ती कॉम्प्युटर आणि मॉनिटरपासूनच. अट सोपी होती: काम थांबलं की यंत्राने झोपावं आणि झोपेत ३० वॅटपेक्षा जास्त वीज घेऊ नये. १९९३ मध्ये राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी आदेश काढला की केंद्र सरकारची खाती असेच कॉम्प्युटर विकत घेतील. एवढा मोठा गिऱ्हाईक हातचा जाऊ नये म्हणून कंपन्यांनी आपली यंत्रं बदलली. त्या काळी कॉम्प्युटर सुरू करताना काळ्या पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात जे चिन्ह दिसायचं, ते हेच.

विजेचा आणि आरोग्याचा काय संबंध, असं वाटेल. आपल्याकडे बरीचशी वीज कोळशातून येते. चंद्रपूर किंवा कोराडीच्या वीजकेंद्रांच्या आसपास राहणाऱ्यांना कोळशाची राख म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. रात्रभर चालू ठेवलेल्या मॉनिटरचा धूर आपल्या खोलीत निघत नाही, दुसऱ्याच्या गावात निघतो, एवढंच.

मॉनिटरच्या प्लास्टिकमधून आईच्या दुधात

१९९५ मध्ये टीसीओने स्वीडनच्या निसर्ग संरक्षण संस्थेला सोबत घेऊन नवं लेबल काढलं. आता त्यात मॉनिटरसोबत कीबोर्ड आणि मुख्य यंत्रही आलं आणि पहिल्यांदाच आतल्या रसायनांवर बंधनं आली. त्यांतला एक गट म्हणजे आग रोखणारी ब्रोमिनयुक्त रसायनं. मॉनिटर तापतो, प्लास्टिकने पेट घेऊ नये म्हणून ती त्यात मिसळत. हेतू चांगला होता. पण ही रसायनं प्लास्टिकमधून हळूहळू बाहेर पडतात, धुळीत बसतात आणि शरीरातल्या चरबीत साठतात. त्यांतल्या काहींची रचना थायरॉइडच्या हार्मोनशी मिळतीजुळती असते.

स्टॉकहोममध्ये मातांच्या दुधाचे जुने नमुने साठवून ठेवलेले होते. ते तपासल्यावर १९९० च्या दशकाच्या शेवटी कळलं की १९७२ ते १९९७ या काळात दुधातलं या रसायनांचं प्रमाण दर पाच वर्षांनी दुप्पट होत गेलं होतं. वापर कमी झाल्यावर तिथे हे प्रमाण घटू लागलं. (इथे स्पष्ट सांगतो: यामुळे स्तनपान थांबवण्याचं काहीही कारण नाही. बाळासाठी आईचं दूधच सर्वोत्तम.)

१९९९ मध्ये स्वीडनमधूनच आणखी एक अभ्यास आला. संशोधकांनी तीन गटांतल्या कामगारांचं रक्त तपासलं: रुग्णालयातले सफाई कर्मचारी, दिवसभर कॉम्प्युटरवर काम करणारे कारकून आणि जुनी इलेक्ट्रॉनिक उपकरणं सुटी करणारे कामगार. या रसायनांचं प्रमाण सर्वांत जास्त सापडलं ते उपकरणं सुटी करणाऱ्यांच्या रक्तात. एक रसायन तर सफाई कर्मचाऱ्यांच्या तुलनेत त्यांच्यात कित्येक पटींनी जास्त होतं. ही स्वीडनमधल्या नीट चालवलेल्या, कायदेशीर कारखान्याची गोष्ट आहे.

कायदा आला

लेबल ही ऐच्छिक गोष्ट. युरोपने २००३ च्या सुरुवातीला तिला कायद्याचं बळ दिलं. १ जुलै २००६ पासून शिसं, पारा, कॅडमियम, हेक्साव्हॅलंट क्रोमियम आणि ब्रोमिनयुक्त रसायनांचे दोन गट अशा सहा पदार्थांवर मर्यादा आल्या. कॅडमियमसाठी ०.०१ टक्का आणि बाकीच्यांसाठी ०.१ टक्का. हाच ‘रोह्स’ नियम. फुली मारलेल्या कचरापेटीचं चिन्ह त्याच्या जोडकायद्यातलं. त्याचा अर्थ असा: ही वस्तू घरातल्या कचऱ्यात टाकू नका.

त्याच २००६ मध्ये अमेरिकेत ईपीट ही पद्धत सुरू झाली. ब्रॉन्झ, सिल्व्हर आणि गोल्ड अशा तिच्या पायऱ्या. वस्तू सुटी करून तिचे भाग पुन्हा वापरता येतात का, हेही त्यात पाहतात. जुलै २०१२ मध्ये ॲपलने आपली ३९ उत्पादनं या यादीतून काढून घेतली. सॅन फ्रान्सिस्को शहराने लगेच जाहीर केलं की मग आमची खाती हे कॉम्प्युटर घेणार नाहीत. काही दिवसांतच ॲपल यादीत परत आलं. लेबलाची ताकद स्टिकरमध्ये नसते, ‘तो नसेल तर घेणार नाही’ म्हणणाऱ्या गिऱ्हाइकात असते.

तोडणारे हात

जुन्या मॉनिटरच्या नळीच्या काचेत भरपूर शिसं असे. ते मुद्दाम घातलेलं होतं, आतले क्ष-किरण समोर बसणाऱ्यापर्यंत पोहोचू नयेत म्हणून. रोह्स नियमातही या काचेला सूट होती. वापरणाऱ्याचं संरक्षण करणारं हेच शिसं पुढे ती नळी फोडणाऱ्याच्या वाट्याला आलं.

चीनच्या ग्वांगडोंग प्रांतातलं ग्वियू हे गाव जगभरचा इलेक्ट्रॉनिक कचरा तोडण्यासाठी कुप्रसिद्ध होतं. सर्किट बोर्ड कोळशाच्या शेगडीवर तापवून चिप काढायच्या, ॲसिडमध्ये बुडवून सोनं काढायचं, वायरी जाळून तांबं काढायचं. २००७ मध्ये तिथल्या सहा वर्षांखालच्या १६५ मुलांच्या रक्ताचा अभ्यास प्रसिद्ध झाला. शिशाची सरासरी पातळी डेसीलिटरला १५.३ मायक्रोग्रॅम होती. शेजारच्या गावात ती ९.९ होती. आज जागतिक आरोग्य संघटना सांगते की ५ मायक्रोग्रॅम किंवा त्याहून जास्त पातळी आढळली, तर शिसं कुठून येतंय ते शोधून थांबवलं पाहिजे. खरं तर मुलांसाठी शिशाची कोणतीच पातळी सुरक्षित नाही. त्याने बुद्धी, एकाग्रता आणि रक्त या सगळ्यांवर परिणाम होतो. ते आईच्या हाडांत वर्षानुवर्षं साठून राहतं आणि गरोदरपणात वारेतून बाळापर्यंत पोहोचतं.

आपल्याकडे दिल्लीचं सीलमपूर, मुंबईत कुर्ला, साकीनाका, धारावी इथल्या गाळ्यांत हेच काम चालत आलं आहे. नियम नाहीत असं नाही. १९९१ मध्येच केंद्र सरकारने मातीच्या घड्याचं चिन्ह असलेलं ‘इकोमार्क’ लेबल आणलं होतं आणि त्यात इलेक्ट्रॉनिक वस्तूही होत्या, पण ते फारसं रुजलं नाही. २०११ च्या ई-कचरा नियमांनी रोह्ससारख्याच मर्यादा घातल्या आणि जुनी वस्तू परत घेण्याची जबाबदारी उत्पादकावर टाकली. ते नियम १ मे २०१२ पासून लागू झाले. पुढे २०१६ आणि २०२२ मध्ये ते बदलले. तरीही घरातला जुना कॉम्प्युटर आजही बहुधा भंगारवाल्याकडेच जातो, कारण तो दारात येतो आणि हातात पैसे ठेवतो.

आपण काय करावं?

१. गरोदर असाल तर कॉम्प्युटरच्या रेडिएशनची चिंता सोडा. त्याऐवजी दर तासाला उठून चाला, पाणी प्या, पाठीला आधार घ्या. ‘रेडिएशनरोधक’ स्टिकर किंवा ॲप्रनवर पैसे घालवू नका.

२. डोळे चुरचुरत असतील तर पापण्या मुद्दाम मिटा, पडदा नजरेच्या थोडा खाली ठेवा, पंख्याचा किंवा एसीचा झोत थेट चेहऱ्यावर घेऊ नका. तरीही त्रास राहिला तर डोळे तपासून घ्या.

३. नवी वस्तू घेताना दुकानदाराला विचारा: टीसीओ किंवा ईपीट आहे का? बॅटरी बदलता येते का? दुरुस्ती होते का? शाळा, सोसायटी किंवा कार्यालयासाठी एकदम खरेदी करत असाल, तर ही अट लेखी घाला. क्लिंटनच्या आदेशाचं छोटं रूप तुमच्याही हातात आहे.

४. जुना कॉम्प्युटर, मोबाइल, बॅटरी ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकू नका. उत्पादकाच्या संकलन केंद्राला किंवा प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे नोंदणी असलेल्या पुनर्वापर केंद्राला द्या. आधी आपली माहिती पुसून घ्या. वायरी घरी किंवा गल्लीत कुणालाही जाळू देऊ नका.

५. घरातलं किंवा ओळखीचं कुणी भंगार, बॅटरी किंवा सर्किट बोर्डचं काम करत असेल, तर त्यांना हे सांगा: कामाचे कपडे घरी आणू नयेत, जेवणाआधी हात साबणाने धुवावेत, कामाच्या जागी लहान मुलं आणि गरोदर स्त्रिया नसाव्यात. मुलाला वारंवार पोटदुखी, बद्धकोष्ठता, औषध घेऊनही न सुधारणारा ॲनिमिया किंवा अभ्यासात अचानक मागे पडणं असं काही असेल, तर डॉक्टरांना आईवडिलांचा व्यवसाय जरूर सांगा आणि रक्तातल्या शिशाची तपासणी करून घ्या. उपचारांतली पहिली पायरी शिशाचा स्रोत तोडणं हीच असते. सोबत लोह आणि कॅल्शियम असलेला आहार लागतो. शिसं बाहेर काढणारी औषधं पातळी फार वाढली तरच आणि रुग्णालयाच्या देखरेखीखाली देतात.